होली आयलंड आणि फार्न बेटं एकाच दिवसात? माझं मत: नको

सागरवेळा: इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या नॉर्थंबरलँडला एका दिवसासाठी जाणारे हमखास सकाळी होली आयलंड आणि दुपारी सीहाउसेस बंदरातून फार्न या पक्ष्यांच्या बेटांची बोट असा बेत आखतात. पण होली आयलंडला किनाऱ्याशी जोडणारा रस्ता दिवसातून दोनदा पाण्याखाली जातो. भरतीच्या आधी साधारण दोन तास आणि नंतर तीन तास बंद. बोट गाठायच्या घाईत बेटावर जेमतेम दीड तास हाती लागतो. त्यात प्रायरी (जुन्या मठाचे अवशेष) बघणार की किल्ला?

नकाशेबाज: सरसकट 'नको' पटत नाही. भरती दुपारी बाराला असेल असा दिवस निवडा. रस्ता दहा ते तीन बंद, तेवढ्यात फार्न उरकतं. सीहाउसेसहून होली आयलंड गाडीने पाऊण तासावर. जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो, आणखी काय हवं?

सागरवेळा: उजेड असतो हो, दारं उघडी नसतात! उशिरा पोचलात तर प्रायरीच्या बाराव्या शतकातल्या कमानी कुंपणाबाहेरून बघून या.

पाखरू: दोघंही वारा विसरलात. पूर्वेकडून लाटा आल्या की बोट फिरवून आणतात, पण बेटावर उतरवत नाहीत. कधी सुटतच नाही. आणि पफिन (रंगीत चोचीचे समुद्रपक्षी) हवे असतील तर मे ते जुलैचा मध्य. ऑगस्टमध्ये रिकामे कडे दिसतील. जून-जुलैत इनर फार्नवर टोपी घालाच, पिल्लांजवळून गेलं की टर्न पक्षी डोक्यावर टोचे मारतात.

उधाण_भांग: माझा सल्ला उलटा. फार्न सोडा, रस्ता बंद व्हायच्या तासभर आधी होली आयलंडवर जा आणि मुद्दाम अडकून राहा. दिवसाची गर्दी निघून जाते, पाच तास निवांत मिळतात. गाडी गावाबाहेरच्या मोठ्या पार्किंगमध्ये लावा, किल्ला तिथून मैलभर चालत. त्याच्या वेळाही भरतीप्रमाणे बदलतात, आधी बघून घ्या.

नकाशेबाज: लहान मुलं आणि पाऊस असेल तर पाच तास 'निवांत' जातील का?

उधाण_भांग: तसं असेल तर किनाऱ्यावरचा बँबरो किल्ला बरा, तिथे भरतीचा प्रश्नच नाही. पण होली आयलंडला गेलात तर काउंटी कौन्सिलच्या, रस्ता सुरक्षित असण्याच्या वेळांच्या तक्त्यातल्या शेवटच्या मिनिटावर विसंबू नका. पाणी आधी पुलाजवळच्या सखल भागात चढतं, खांबांवरची पांढरी खोली तिथेच अडकलेल्यांसाठी आहे. तो तक्ता गाडीरस्त्याचा. वाळूतून वाट दाखवणाऱ्या खांबांच्या रांगेने चालणाऱ्यांनी ओहोटी लागल्यावरच निघावं आणि सुरक्षित वेळ निम्मी सरायच्या आत पार व्हावं.