वॉल्टर सालेस : 'आय ॲम स्टिल हिअर' नंतर आईबरोबर काय पाहावं?

पारिजातक :

नमस्कार मंडळी. गेल्या रविवारी आमच्या गावच्या फिल्म क्लबात आईला घेऊन ब्राझीलचा दिग्दर्शक वॉल्टर सालेस याचा 'आय ॲम स्टिल हिअर' पाहिला. आई 74 वर्षांची आहे. सिनेमा पोर्तुगीज, खाली इंग्रजी ओळी, त्यामुळे ती अर्ध्यात उठेल असं मला वाटलं होतं. ती शेवटपर्यंत हलली नाही. तो आइस्क्रीमच्या दुकानातला प्रसंग आठवतोय ना? सरकारने उचलून नेलेला नवरा परत येणार नाही हे नायिकेला, युनिसला, कळलेलं असतं, पण कबूल केल्याप्रमाणे ती मुलांना आइस्क्रीम खायला नेते आणि आजूबाजूच्या टेबलांवरची हसणारी कुटुंबं नुसती बघत राहते. तिथे आईने माझं मनगट घट्ट धरलं. घरी आल्यावर म्हणाली, "एका शब्दाने बोलली नाही गं ती बाई, पण मला सगळं कळलं. ह्याच माणसाचं अजून काही असेल तर दाखव."

तर सालेसचं आणखी काय पाहावं, कुठल्या क्रमाने? आईला इंग्रजी ओळी भराभर वाचता येत नाहीत. मी शेजारी बसून सांगत जाईन. फार रक्तपात नको. घाई मुळीच नाही, दर रविवारी एक पाहू.

धूळपाटी :

पारिजातक, आधी 'सेंट्रल स्टेशन' (1998). दुसरा विचारच करू नका.

रिओमधल्या मोठ्या रेल्वे स्थानकात डोरा नावाची निवृत्त शिक्षिका टेबल टाकून बसते आणि ज्यांना लिहिता येत नाही त्यांची पत्रं पैसे घेऊन लिहून देते. लोक जीव ओतून मजकूर सांगतात. ही बाई घरी गेली की मैत्रिणीला ती पत्रं वाचून दाखवते, काही फाडून टाकते, काही खणात कोंबते. पेटीत पडतात ती थोडीच. मग एक बाई येते, आपल्या मुलाच्या बापाला पत्र लिहून घेते, आणि स्टेशनाबाहेर बसखाली सापडते. नऊ वर्षांचा पोरगा स्टेशनात एकटा उरतो. पुढचं सांगत नाही. डोराचं काम केलंय फर्नांदा मोंतेनेग्रो यांनी. 'आय ॲम स्टिल हिअर'च्या शेवटी म्हातारी युनिस टीव्हीसमोर बसलेली दिसते ना, त्याच त्या. तरुण युनिस झालेली फर्नांदा तोरेस ही त्यांची सख्खी मुलगी. डोरासाठी आईला ऑस्करचं नामांकन मिळालं होतं, 26 वर्षांनी युनिससाठी लेकीला मिळालं, आणि दोन्ही वेळा दिग्दर्शक एकच. तुमच्या आईंना हे जरूर सांगा.

हा माणूस माहितीपटांतून आला, आणि ते त्याच्या कथापटांत सगळीकडे जाणवतं. सोकोरू नोब्री नावाच्या तुरुंगातल्या एका बाईने एका शिल्पकाराला पत्र लिहिलं होतं. त्यावर त्याने आधी छोटा माहितीपट केला. 'सेंट्रल स्टेशन'च्या अगदी सुरुवातीला डोरासमोर बसून पत्र सांगणारी जी बाई दिसते ती हीच. स्थानकात टेबल मांडून कॅमेरा लावल्यावर खरेखुरे प्रवासी येऊन मोंतेनेग्रोंना पत्रं सांगायला लागले, आणि त्यातले चेहरे सिनेमात आहेत. आणि तो पोरगा, व्हिनिसियस, रिओच्या विमानतळावर बूटपॉलिश करायचा. शेकडो मुलं पाहून झाली होती. सालेसच्या पायात कापडी बूट, त्यांना पॉलिश कसलं करणार, म्हणून पोराने सँडविचपुरते पैसे उसने मागितले. सालेसने त्यालाच घेतलं. त्याने तोवर एकही सिनेमा पाहिलेला नव्हता. बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात त्या वर्षीचं सर्वोच्च पारितोषिक, सोनेरी अस्वल, या सिनेमाला मिळालं आणि अभिनयाचं रुपेरी अस्वल मोंतेनेग्रोंना.

क्रमाचं म्हणाल तर त्याची कारकीर्द सालांप्रमाणे पाहू नका. मला तो सगळा एकाच गोष्टीचा शोध वाटतो. घरातून बाप नाहीसा झालाय, आणि मागे राहिलेली माणसं एखादं पत्र, एखादा फोटो, एखादा पत्ता धरून चालतायत. 'सेंट्रल स्टेशन'मध्ये पोरगा बाप शोधतो. 'लिन्या जी पासी'मध्ये (2008, दानिएला तोमासबरोबर) साओ पाउलोतली घरकाम करणारी बाई, तिचे चार मुलगे, आणि सगळ्यात धाकटा बसगाड्यांतून हिंडत ड्रायव्हर असलेला आपला बाप शोधतोय. त्यातला फुटबॉल खेळणारा भाऊ म्हणजे आपला बूटपॉलिशवाला पोरगा, दहा वर्षांनी मोठा झालेला. आईचं काम करणाऱ्या सांद्रा कोर्वेलोनीला कानच्या महोत्सवात अभिनयाचं पारितोषिक मिळालं. आणि 2024 च्या 'आय ॲम स्टिल हिअर'मध्ये युनिसच्या घरातून तर लष्करी सरकारच बाप उचलून नेतं.

या शेवटच्या सिनेमामागची गोष्ट मला फार लागते. सालेस स्वतः बड्या बँकरचा मुलगा, वडील राजदूतही होते, त्यामुळे बालपण बरंचसं फ्रान्स-अमेरिकेत गेलं. रिओला परतल्यावर किशोरवयात पायवांच्या, म्हणजे खऱ्या युनिस आणि तिचा नवरा रुबेन्स यांच्या, मुलांशी त्याची ओळख झाली आणि रिओतल्या लेब्लॉन भागातल्या समुद्राजवळच्या त्या घरी जाणंयेणं सुरू झालं. त्या घराची दारं उघडी असायची, राजकारणावर मोकळेपणी बोललं जायचं, गाणी लागायची. जानेवारी 1971 मध्ये रुबेन्स पायवांना नेलं आणि ते घर बंद झालं. म्हणून सिनेमाचा पहिला भाग इतका लांब आहे. काहींना तो कंटाळवाणा वाटला, मला नाही. कुत्र्याचं पिल्लू, पत्ते, नाच, वाळूत भरलेले पाय हे सगळं आपल्या अंगवळणी पडल्याशिवाय पडदे ओढल्यावरचा अंधार कळणार कसा?

2012 च्या 'ऑन द रोड'नंतर 'आय ॲम स्टिल हिअर' येईपर्यंत कथापटांत बारा वर्षांचं अंतर आहे. मार्च 2025 मध्ये त्याला परभाषिक विभागातलं ऑस्कर मिळालं, ब्राझीलचं त्या विभागातलं पहिलंच. आणि त्याच वर्षी जानेवारीत रुबेन्स पायवांचा मृत्यूदाखला दुरुस्त झाला. सरकारच्या हातून झालेला हिंसक मृत्यू असं त्यात आता लिहिलंय. मृतदेह अजूनही सापडलेला नाही.

'डार्क वॉटर' (2005) आणि 'ऑन द रोड' सोडून द्या. दोन्ही इंग्रजीत आहेत, नेटके आहेत, पण त्यांत तो पाहुणा वाटतो.

वाटसरू :

धूळपाटींच्या बऱ्याच म्हणण्याशी सहमत, पण 'मोटरसायकल डायरीज'चा (2004) उल्लेखही नाही याचं वाईट वाटलं. तो स्पॅनिशमध्ये आहे, म्हणजे परभाषेतलाच, आणि तिथे सालेस पाहुणा वाटत नाही. 1952 साली दोन अर्जेंटिनी तरुण खटारा मोटरसायकल घेऊन खंड पालथा घालायला निघतात. त्यातला एक पुढे चे गवेरा होणार असतो. मोटरसायकल मध्येच दम सोडते आणि मग पायी, ट्रकवर, होडीने प्रवास चालतो. पेरूतल्या ॲमेझॉनकाठच्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत नदीच्या एका काठाला डॉक्टर आणि नन, दुसऱ्या काठाला रोगी. हे दोघे हातमोजे न घालता रोग्यांशी हात मिळवतात. दम्याचा रोगी असलेला एर्नेस्तो, म्हणजे पुढचा चे, वाढदिवसाच्या रात्री ती नदी पोहून पलीकडे जातो. तिथे माझ्या वडिलांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. काकूंना हा नक्की आवडेल. रक्तपातही नाही.

धूळपाटी :

वाटसरू, बरोबर बोललात. माझ्याकडून राहिलाच. दुसऱ्या रविवारी तो ठेवा.

रंकाळा :

कुणी 'बिहाइंड द सन' (2001) सांगितला नाही, म्हणून लिहितोय. मूळ कादंबरी अल्बेनियाच्या इस्माईल कदारेची. सालेसने ती उचलून 1910 च्या ब्राझीलच्या रखरखीत ईशान्येत आणून ठेवली. दोन घराण्यांत पिढीजात वैर. मेलेल्या मुलाचा रक्ताचा सदरा दोरीवर वाळत घालायचा. रक्त पिवळं पडलं की दुसऱ्या मुलाने सूड घ्यायला निघायचं.

माझ्यासाठी मात्र तो सिनेमा गुऱ्हाळाचा आहे. ते कुटुंब ऊस गाळून त्याचा गूळ करतं, तिकडे रापादुरा म्हणतात. बैलांनी फिरवायचा लाकडी चरक, आई उसाची मोळी सरकवतेय, रस काहिलीत उकळतोय, बाप बैलांवर ओरडतोय. आमच्या आजोबांचं गुऱ्हाळ 1985 पर्यंत होतं. चुलवाणापाशी बसून मी मळी काढणाऱ्या गड्याचे हात बघत असे. चेहरा तापलेला आणि पाठ गार, अशी ती पहाट. सिनेमात ते बघताना मला वास आला, खरंच सांगतो. बैल आणि माणसं एकाच रिंगणात फिरतायत आणि कुठेच पोचत नाहीत, हे त्यातल्या धाकट्या पोराला कळलेलं असतं. घाण्याचा बैल हा शब्द आपण इतका सहज वापरतो, पण इथे तो दोन तास डोळ्यांसमोर फिरतो.

पण काकूंना रक्त नको असेल तर थांबा. मारामारी फार नाही, तरी मरणाची सावली पूर्णवेळ आहे. आधी तुम्ही एकट्या बघा, मग ठरवा.

मांडवीकाठ :

पणजीहून लिहितेय. माझं मत 'फॉरेन लँड'ला. 1990 साली मार्चमध्ये ब्राझीलच्या नव्या राष्ट्राध्यक्षाने, कोलोरने, महागाई थोपवायला लोकांच्या बँकेतल्या ठेवी गोठवल्या. त्याच सरकारने सिनेमाला पैसा पुरवणारी सरकारी संस्था बंद केली आणि तिथे वर्षाकाठी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके सिनेमे बनायला लागले. सालेस आणि दानिएला तोमास यांनी त्या पडझडीतूनच हा काळा-पांढरा सिनेमा केला. साओ पाउलोतली एक शिवणकाम करणारी विधवा, तिला मरण्याआधी स्पेनमधलं आपलं मूळ गाव बघायचंय, त्यासाठी पै पै साठवलेली. टीव्हीवर ठेवींची बातमी लागते आणि ती खुर्चीतच जाते. तिचा मुलगा पाको एक पार्सल पोचवायच्या बोलीवर लिस्बनला निघतो.

मला तो जवळचा, कारण भाषा. आमची आजी सेगुंद ग्रावपर्यंत, म्हणजे दुसऱ्या टप्प्यापर्यंत, गोव्यातल्या पोर्तुगीज शाळेत शिकलेली. तिला लिस्बनच्या रेडिओवरची भाषा कळायची. तिथले लोक स्वर गिळून बोलतात. ब्राझीलचे स्वर मोकळे सोडतात, गाण्यासारखे. ती म्हणायची, शब्द तेच, पण हे लोक वेगळ्याच हवेत वाढलेत. सिनेमातली ॲलेक्स (फर्नांदा तोरेसच, तेव्हा तिशीची) लिस्बनमध्ये वेट्रेस आहे, आणि आपला उच्चार तिथल्या कानांना खुपतो हे तिला दिवसेंदिवस जास्त टोचतं. ज्या देशाने आपल्यावर राज्य केलं, त्याच देशात त्याचीच भाषा बोलत परकं होऊन राहायचं. गोव्याहून लिस्बनला गेलेल्या माझ्या चुलत्याने हेच, अगदी असंच सांगितलं होतं. आणि किनाऱ्यावर रुतून गंजलेलं ते प्रचंड जहाज, त्याच्यापुढे ती दोघं मुंगीएवढी. ते चित्र माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

शेवटाकडे गोळीबार आहे, थोडाच.

पारिजातक :

किती आपुलकीने लिहिलंत सगळ्यांनी! धूळपाटी, तुमचा डोराचा परिच्छेद आईला वाचून दाखवला. ती एकदम गप्प झाली. मग जे बोलली ते मला आजवर माहीत नव्हतं.

आई लालबागच्या चाळीत वाढली. सातवीत गेल्यापासून ती मजल्यावरच्या गिरणी कामगारांची पत्रं लिहायची. कोकणातले, साताऱ्याकडचे एकटे पुरुष, एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे. कार्ड असेल तर पाच ओळी, इनलँड असेल तर जरा ऐसपैस. महिन्याच्या पगाराला मनीऑर्डरचे फॉर्म, आणि त्याच्या कुपनावर दोन ओळी मावतील एवढा मजकूर. पैसे कुणी देत नसे, कधी चिक्की, कधी शेंगदाणे. आईने विचारलंय, "ती बाई पत्रं टाकत का नाही? त्यांचं ओझं होतं का तिला?"

याचं उत्तर मी काय देऊ?

धूळपाटी :

काहीच देऊ नका. सिनेमा देईल. फक्त सुरुवातीची चार-पाच मिनिटं मध्ये बोलू नका, पडदाही थांबवू नका. एकामागून एक माणसं येऊन पत्र सांगतात, नुसते चेहरे जवळून दिसतात. मजकूर नंतर सांगा. तुमच्या आईंना ते चेहरे तुमच्यामाझ्यापेक्षा चांगले वाचता येतील.

आणि जत्रेत काढलेल्या त्या छोट्या फोटोकडे लक्ष ठेवा. डोळ्याला लावून उजेडाकडे धरून बघायचा डबीतला फोटो. आपल्याकडेही जत्रेत असायचे.

पारिजातक :

काल पाहिला. दोन तासांचा सिनेमा, आम्हाला साडेतीन लागले. चेहऱ्यांच्या वेळी मी गप्प बसले, तुम्ही सांगितल्याप्रमाणे. आई पुटपुटत होती, "ह्याचं बायकोला. ह्याचं आईला. हा उधारीचं लिहितोय." थांबवून ओळी वाचल्या तर तीनपैकी दोन बरोबर.

डोरा खणात पत्रं कोंबते तेव्हा आईला राग आला, मोठ्याने "अगं!" म्हणाली. शेवटी बसमध्ये डोरा स्वतः पत्र लिहायला घेते आणि ते दोघं दोन ठिकाणी तो डबीतला फोटो डोळ्याला लावतात, तेव्हा ती रडली नाही. चष्मा पुसून म्हणाली, आता हिचं पत्र पोचेल.

रात्री जेवताना तिने सांगितलं. समोरच्या खोलीत एक पाटणकडचा माणूस होता, गिरणीच्या कापूसखात्यातला, खोकला लागलेला. दर महिन्याला आईकडून लिहून घ्यायचा, 'मी खुशाल आहे, काळजी नसावी.' आईला वाटायचं, खरं लिहावं. तेरा वर्षांची होती, सांगितलं तेच लिहिलं. एका महिन्याला तो कुपन लिहून घ्यायला आला नाही. त्याच्या गावचा पत्ता तिला अजून पाठ आहे, तिने मला म्हणून दाखवला, गाव, पोस्ट, तालुका, जिल्हा.

पुढच्या रविवारी 'मोटरसायकल डायरीज'. मांडवीकाठ, तुमचा सिनेमा त्यानंतरच्या रविवारी. आईला ते जहाज बघायचंय.