जुन्या वस्तू ऑनलाइन विकताना भाव कसा काढलात?

घर आवरायला काढलं की विकण्याजोगं बरंच निघतं, आणि गाडी 'कितीला टाकायचं' इथे अडते. लोक मागतात ती किंमत वेगळी आणि वस्तू खरोखर जाते ती वेगळी. ही दुसरी किंमत तुम्ही कशी शोधता? वस्तूच्या नावासकट सांगा. आमच्याकडे जुनं शिलाई मशीन निघालंय.

पुणे
बाबांचं 'एचएमटी जनता' हे मनगटी घड्याळ विकायचं होतं. ओएलएक्सवरच्या कित्येक जाहिराती महिनोन्‌महिने तशाच पडून असतात, त्यांना भाव म्हणू नका. ईबेवर 'विकलेल्या वस्तू' असा फिल्टर आहे, त्यात झालेले सौदे दिसतात. एचएमटी वॉचेस बंद करायचा निर्णय 2016 मध्ये झाला, त्यामुळे चावीच्या घड्याळांचे शौकीन भरपूर आहेत. पण डायल नव्याने रंगवलेली चकाचक घड्याळंही ढिगाने विकली जातात आणि स्वस्तात जातात. त्यांच्याशी तुलना करून आपला भाव पाडू नका. आमच्या डायलवर डाग होते, पण छपाई मूळची. मी ते पुसायलाही गेलो नाही. घेणाऱ्याने मागचं झाकण उघडून आतल्या यंत्राचा फोटो मागितला आणि तो पाहिल्यावर घासाघीस केली नाही.

पुन्हा धागाकर्ती
झाकण घरीच उघडलंत का?

पुणे
छे, घड्याळजींकडून. घरी उघडलं तर ओरखडे पडतात.

सांगली
तांब्या-पितळेचं आधी वजन करा आणि भांडीवाल्याकडे मोडीचा भाव विचारा. त्याच्या खाली उतरायचं नाही. आजीचे हंडे मोडीच्या आसपासच गेले, कारण हंडे घरोघरी आहेत. घंगाळाला मात्र चांगले पैसे आले: कड्या मूळच्या, काठावर नाव कोरलेलं. परदेशातून कुणी विचारलं तर एक लक्षात ठेवा. 1972 च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू आपल्याला देशाबाहेर पाठवता येत नाही. तेव्हा तिथले डॉलरमधले आकडे बघून इथला भाव लावू नका.

कोल्हापूर
शिलाई मशीनचा पाय बिडाचा असेल तर मशीनचा आणि पायाचा भाव वेगवेगळा काढा. पायाचं टेबल करणारे लोक आहेत, त्यांना मशीन चालतं की नाही याच्याशी देणंघेणं नसतं.

न्यू जर्सी
इथे फेसबुक मार्केटप्लेसवर फर्निचर टाकण्याआधी मी त्याच मॉडेलची दुकानातली आजची किंमत बघते. नवीनच सवलतीत मिळत असेल तर जुनं कोण घेईल? शिवाय भाडेकरार बहुधा महिनाअखेरीला संपतात, तेव्हा सगळेच सोफे काढतात. मी महिन्याच्या सुरुवातीलाच टाकते.

नागपूर
नाण्यांबद्दल कळकळीने लिहितोय. व्हिडिओत लाखांचे भाव सांगतात आणि मग 'रिझर्व्ह बँकेचं कमिशन' म्हणून आधी पैसे मागतात. अशा व्यवहारांशी आपला संबंध नाही आणि आपण कसलंही कमिशन घेत नाही, हे रिझर्व्ह बँकेने 2021 मध्येच जाहीर केलंय. घरातल्या ज्येष्ठांना हे आवर्जून सांगा. सासऱ्यांची नाणी मी नाणेलिलावांच्या निकालांशी ताडून पाहिली. साल, झीज आणि टांकसाळीची खूण, तिन्ही जुळायला हवं. सालाखाली हिऱ्यासारखी खूण असेल तर मुंबई, चांदणी असेल तर हैदराबाद. एकाच सालच्या दोन नाण्यांचा भाव या खुणेवरून बदलू शकतो, म्हणून फोटो काढताना सालाचा भाग अगदी जवळून घ्या.