लाखाच्या आत हीट पंप वॉटर हीटर : पाच माणसांच्या रो-हाऊससाठी किती लिटरचा घ्यावा?

इंदिरानगरवाला

नमस्कार मंडळी. नाशिकला दोन मजली रो-हाऊस, वर एक आणि खाली एक बाथरूम. माणसं पाच, त्यातले दोघं शॉवरवाले, तिघं बादलीवाले. सगळ्यांच्या आंघोळी सकाळी साडेसहा ते साडेआठच्या दरम्यान उरकतात. सध्या १५ लिटरचे दोन गिझर आहेत, दोन्ही म्हातारे, त्यातला एक गळतोय. थंडीत महिन्याला ३४० युनिटपर्यंत वापर जातो.

सोलर हीटर जमत नाही. दक्षिणेला चार मजली इमारत आहे, त्यामुळे नेमक्या थंडीतच गच्चीवर जेमतेम अडीच-तीन तास ऊन येतं. डीलरने ३०० लिटरचं हीट पंप युनिट (हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारं) सुचवलंय, 'सीओपी ४.५ आहे (म्हणजे एका युनिट विजेत साडेचार युनिट उष्णता), डोळे झाकून घ्या' म्हणतो, भाव १ लाख ६५ हजार. माझं बजेट फिटिंगसकट एक लाख. पाणी महापालिकेचं, पण उन्हाळ्यात टाकीत बोअरचंही येतं.

किती लिटर पुरेल? घ्यावा की सरळ दोन नवे गिझर लावून मोकळं व्हावं?

---

कॉम्प्रेसरकाका

३०० लिटर विसरा. डोळे तर अजिबात झाकू नका.

आधी पाण्याचा हिशोब. थंडीत टाकीचं पाणी सकाळी १८ अंशांच्या आसपास असतं, आंघोळीला ४१ लागतं. हीट पंपच्या टाकीत ५२ अंशांचं पाणी आहे असं धरलं तर मिसळलेल्या पाण्यात गरम वाटा (४१ − १८) ÷ (५२ − १८), म्हणजे साधारण ६८ टक्के. मिनिटाला ८ लिटरच्या शॉवरखाली सहा मिनिटं म्हणजे ४८ लिटर, त्यात गरम ३३. बादलीवाल्याला दीड बादली, ३० लिटर धरा, त्यात गरम २०. दोन शॉवर ६६, तीन बादलीवाले ६०, स्वयंपाकघरात १५. झाले १४१ लिटर, तेही ऐन थंडीत.

१५० लिटरच्या टाकीतून सलग काढलं तर ८५ टक्के पाणी कामाचं मिळतं, पुढे खालून शिरलेलं गार पाणी मिसळायला लागतं. म्हणजे १२८ लिटर. पण तुमच्या आंघोळी दोन तास चालतात आणि तोवर कॉम्प्रेसर स्वस्थ बसत नाही. या मापाचं युनिट पाण्याला दीड-पावणेदोन किलोवॅट उष्णता देतं. एक युनिट उष्णता म्हणजे ८६० किलोकॅलरी, त्यामुळे १.६ किलोवॅटवर ताशी सुमारे ४० लिटर पाणी ३४ अंशांनी तापतं. १५० पुरतं. १०० लिटर काठावर येईल, पाहुणे आले की शेवटच्या माणसाला गार पाणी.

आता तो ४.५ सीओपी. डीलरला एकच विचारा : हवा किती अंश असताना आणि पाणी किती अंशांपर्यंत तापवून? कॅटलॉगमधला मोठा आकडा बहुतेक वेळा उबदार हवेतला आणि कमी तापमानाच्या पाण्याचा असतो. ५५ अंशांपर्यंत तापवताना, पहाटे हवा १० अंशांवर असेल तर हातात अडीचच्या आसपास पडतं. निफाडचा पारा किती उतरतो हे नाशिककरांना सांगायला नको. म्हणून मशीन पहाटे चालवायचंच नाही. टायमर दुपारी १ ते ५ लावा. डिसेंबरातही दुपारची हवा २७-२८ अंशांपर्यंत जाते, तेव्हा तोच पंप तीनच्या वर देतो. चांगल्या इन्सुलेशनची टाकी रात्रभरात ३ ते ५ अंश उतरते, म्हणजे ५५ चं सकाळी ५१-५२. वरच्या हिशोबात मी ५२ धरलं ते त्यामुळेच. सकाळी ६ ते ८:३० दुसरा टायमर ठेवा, भर घालण्यापुरता.

पैशाचं बोलू. थंडीत तुमचे गिझर दिवसाला साधारण सव्वापाच युनिट खातात. हीट पंप टाकीची गळती उष्णता धरून दोनमध्ये भागवेल. थंडीचे चार महिने रोज ३.३ युनिट वाचली, उरलेल्या दिवसांत पाणी मुळातच कोमट म्हणून निम्मी, तर वर्षाला सुमारे ८०० युनिट. बचत नेहमी वरच्या स्लॅबमधून कापली जाते, तेव्हा सगळे आकार धरून युनिटला १२ रुपये धरले तर ९,६०० रुपये. मशीन ९५ हजारांचं आणि दोन नव्या गिझरचे २० हजार वाचले म्हटलं तर ७५ हजार वसूल व्हायला आठ वर्षं. तुमच्या बिलावरचा खरा दर घालून हे एकदा स्वतः करून बघा. ३०० लिटरवाल्यात बचत तेवढीच राहणार, कारण माणसं तीच. फक्त मोठी टाकी रोज जास्त उष्णता घालवणार.

---

गच्चीवरून

ज्यांच्या गच्चीवर ऊन आहे त्यांनी वरचा हिशोब वाचून हीट पंपाकडे धावू नये. २०० लिटरचा ट्यूबवाला सोलर हीटर याच्या निम्म्याहून कमी पैशात येतो. आणि वीज तयार करायचीच असेल तर गच्चीवरच्या सोलर पॅनेलसाठी पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॅटला ३० हजार, २ ला ६० हजार आणि ३ किंवा जास्त किलोवॅटला ७८ हजार अनुदान आहे. एका किलोवॅटमागे दिवसाला सरासरी ४ युनिट मिळतात. नेट मीटरिंगने (पॅनेलची जादा वीज ग्रिडला देऊन ती बिलातून वजा होते) बिल आधीच शून्याकडे गेलं असेल तर हीट पंप वाचवणार काय?

मूळ प्रश्नकर्त्याला अर्थात हे लागू नाही, त्यांचं ऊनच शेजाऱ्याने नेलंय.

---

साडेतीन फेज

वरची बाथरूम रोज एकच जण वापरत असेल तर ती गिझरवरच ठेवा आणि १०० लिटरचं युनिट घ्या, असं माझं मत. पाऊण इंची सीपीव्हीसीत (गरम पाण्याचा प्लास्टिक पाइप) मीटरला पाव लिटर पाणी मावतं. टाकीपासून नळ १५ मीटरवर असेल तर गरम यायच्या आधी पावणेचार लिटर गार सोडावं लागतं आणि नळ बंद केल्यावर तेवढंच गरम पाणी पाइपात पडून थंड होतं. स्वयंपाकघराच्या लांबच्या नळाला तर ही लाइन देऊच नये, भांड्यांपुरतं पाणी येईपर्यंत भांडी घासून होतात.

---

क्षारपड

आठ वर्षांनी पैसे फिटणार आणि टाकीची वॉरंटी बहुधा पाच वर्षं. तेव्हा टाकी किती टिकते यावरच हा सगळा व्यवहार उभा आहे, आणि ते पाण्यावर ठरतं. टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) मीटरवर जाऊ नका, त्यातून कठीणपणा कळत नाही. पाणी लॅबमध्ये देऊन टोटल हार्डनेस आणि क्लोराइड हे दोन आकडे काढा, तेही बोअर चालू असतानाचे. आयएस १०५०० मध्ये हार्डनेसची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोत नसेल तर ६००. क्लोराइड २५० आणि १०००. ही पिण्याच्या पाण्याची मानकं, पण टाकीसाठीही अंदाज येतो.

मग युनिट उघडून, निदान चित्रात तरी, कंडेन्सर (पाण्याला उष्णता देणारा भाग) कुठे आहे ते बघा. प्रकार दोन. एकात तांब्याची किंवा अॅल्युमिनियमची कॉइल टाकीला बाहेरून गुंडाळलेली असते, पाण्याला तिचा स्पर्श होत नाही. क्षार बसला तरी टाकीच्या आतल्या भिंतीवर बसतो, उष्णता जरा हळू जाते, इतकंच. दुसऱ्यात पाणी छोट्या पंपाने प्लेट एक्स्चेंजरमधून, म्हणजे एकमेकांना लागून बसवलेल्या पत्र्यांमधून, फिरवतात. त्यातल्या फटी दोन-तीन मिलिमीटरच्या. बोअरच्या पाण्याने त्या चोंदल्या की गॅसचं प्रेशर चढतं, हाय प्रेशरचा एरर येतो आणि मेकॅनिक दरवेळी अॅसिड फिरवून पैसे नेतो. मऊ पाण्याला तो प्रकार उत्तम आहे, तुमच्याकडे नको.

टाकी काचेचा मुलामा दिलेली असेल तर आत मॅग्नेशियमचा अॅनोड रॉड असतो. तो टाकीऐवजी स्वतः झिजतो. वर्षातून एकदा काढून बघायचा. मूळ जाडीच्या निम्म्याने उतरला किंवा आतली तार दिसायला लागली की बदलायचा. हा रॉड काढायला वर मोकळी जागा लागते, टाकी छताला चिकटवून बसवली तर तो कधीच निघत नाही. आणि सॉफ्टनर लावलात तर अॅनोड लवकर संपतो, तेव्हा दर सहा महिन्यांनी पाहणं आलं.

---

इंदिरानगरवाला

सर्वांचे आभार. लॅबचा रिपोर्ट आला : हार्डनेस ४१०, क्लोराइड २९०. वरची बाथरूम दोघं वापरतात, त्यामुळे १५० लिटरवर येऊन थांबलोय. दोन पर्याय आहेत. पहिला : स्प्लिट (मशीन आणि टाकी वेगवेगळी), एसएस ३०४ (स्टेनलेस स्टील) ची टाकी, प्लेट एक्स्चेंजर, ८६ हजार. दुसरा : सगळं एकात, काचेचा मुलामा, बाहेरून गुंडाळलेली कॉइल, आर-१३४ए गॅस, ९४ हजार. जागा म्हणजे वरच्या मजल्याची ड्राय बाल्कनी किंवा जिन्याखालची बंद खोली.

---

क्षारपड

दुसरा. २९० क्लोराइड, त्यात गरम पाणी : ३०४ च्या वेल्डिंगच्या कडेला बारीक भोकं पडायला हीच परिस्थिती लागते, आणि तिथून गळणारी टाकी दुरुस्त होत नाही. आठ हजार वाचवायची ही जागा नव्हे. अॅनोडचा सुटा भाव आणि तो शहरात मिळतो का, हे मात्र पैसे देण्याआधी लेखी घ्या. अॅनोड वेळेवर बदलला नाही म्हणून टाकीची वॉरंटी नाकारता येईल असं कलम असतं.

---

कॉम्प्रेसरकाका

जिन्याखाली नाही. पंप हवेतली उष्णता ओढतो. बंद खोलीत अर्ध्या-पाऊण तासात हवा गार होते आणि मग तो आपलीच गार हवा पुन्हा ओढत बसतो, सीओपी कोसळतो. ड्राय बाल्कनी चालेल, पण आधी एक बघा : ती भिंतीबाहेर लोंबती आहे का? भरलेली टाकी आणि मशीन मिळून सव्वादोनशे किलोच्या पुढे. स्लॅब लोंबता असेल तर युनिट बाहेरच्या कठड्याकडे न ठेवता घराच्या भिंतीला लागून, बीमवर, आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवूनच. मागे फूटभर, हवा फेकायच्या बाजूला तीन फूट मोकळं. कपडे वाळवायची दोरी पंख्यासमोर नको, लिंट कॉइलवर बसतो. बेडरूमची सामाईक भिंत टाळा, खाली रबरी पॅड द्या.

पावसाळ्यात कॉइलवरून पाणी बरंच ठिबकतं. त्या नळीला उतार द्या आणि ती नहाणीच्या जाळीत सोडा. मध्ये नळी वर उचलली गेली की पाणी तुंबून मशीनच्याच तळात साचतं.

---

साडेतीन फेज

बरं, बाल्कनी वरच्या मजल्यावर आहे तर माझा १०० लिटरचा मुद्दा मागे घेतो, वरची बाथरूम जवळच येते. फिटिंगच्या वेळी प्लंबरच्या डोक्यावर उभं राहायचं ते यासाठी :

गार पाण्याच्या लाइनवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवाच, नाहीतर गच्चीवरची टाकी रिकामी झाली की गरम पाणी उलटं गार लाइनमध्ये शिरतं. पण तो बसला की पाणी फुगायला वाट राहत नाही. १५० लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर नेलं तर सव्वादोन लिटरच्या वर फुगतं. ते सेफ्टी व्हॉल्व्हमधून ठिबकणार, आणि ते ठिबकणं बरोबर आहे. 'गळतंय' म्हणून तिथे प्लग मारणारे महाभाग भेटतात. असं कुणी सुचवलं तर त्याला घरी पाठवा, बंद टाकीत दाब चढून टाकी फाटते. ठिबक नकोच असेल तर नॉन-रिटर्नच्या पुढे १२ लिटरचं एक्स्पान्शन व्हेसल (फुगलेलं पाणी सामावून घेणारी छोटी टाकी) बसवा. प्रेशर पंप असेल तर त्याचा दाब २ बारच्या आत ठेवा.

गरम लाइन पूर्ण सीपीव्हीसी. पांढरा यूपीव्हीसी एखाद्या जोडातही नको, तो गरम पाण्याने मऊ होऊन सांध्यातून निसटतो. वर १३ मिलिमीटरचं नायट्राइल फोम, उघड्यावर असेल तिथे त्यावर टेप, नाहीतर ऊन ते वर्षभरात खातं.

वीज : स्वतंत्र १६ अँपिअर पॉइंट, अडीच स्क्वेअरची वायर, स्वतःचा एमसीबी, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच), अर्थिंग मोजून. कॉम्प्रेसर ६०० वॉटच्या आसपासच घेतो, पण आत दीड-दोन किलोवॅटचा हीटर असतो, वायर त्याच्यासाठी. व्होल्टेज वारंवार १८० खाली जात असेल तर स्टॅबिलायझर, कारण आधी मरतं ते कंट्रोल कार्ड.

---

इंदिरानगरवाला

हा आतला हीटर कायम बंद ठेवू का? आणि सगळं नीट चाललंय हे पहिल्या दिवशी कसं ओळखायचं?

---

कॉम्प्रेसरकाका

रोजचा मोड 'इको', म्हणजे नुसता कॉम्प्रेसर. 'हायब्रिड'वर ठेवलं की घाईच्या वेळी हीटर लागतो आणि मग तो महागडा गिझरच. आठवड्यातून एकदा मात्र ६० अंशांपर्यंत नेऊ द्या. कोमट साठलेल्या पाण्यात लिजिओनेला (न्यूमोनिया करणारा जिवाणू) वाढतो, त्यासाठी. पंपाची मजल ६० पर्यंत असेल तर हीटरही लागत नाही. रोज ६० नको, तिथून पुढे क्षार भराभर बसतो आणि सीओपीही पडतो.

तपासणी अशी. टाकी पूर्ण गार पाण्याने भरा, आत येणाऱ्या पाण्याचं तापमान थर्मामीटरने घ्या. समजा २२ आहे. ५५ लावून इकोवर सोडा, लाइनवर युनिट मोजणारं मीटर. १५० × ३३ ÷ ८६० म्हणजे ५.७६ युनिट उष्णता पाण्यात जायला हवी. दुपारच्या हवेत मीटरवर पावणेदोन ते सव्वादोन दिसले आणि काम साडेतीन-चार तासांत झालं तर युनिट ठणठणीत. पाच-सहा दिसले तर हीटर चालू आहे. क्लॅम्प मीटर लावा, नुसत्या कॉम्प्रेसरला ३ अँपिअरच्या आसपास, हीटर धरून ९ च्या वर. मीटर कमी आणि वेळ मात्र सहा-सात तास, असं झालं तर गॅस कमी आहे किंवा हवा अडतेय. इन्स्टॉलर घरात असतानाच हे करा आणि आकडे वॉरंटी कार्डाच्या मागे लिहून त्याची सही घ्या. पुढच्या थंडीत तक्रार करायची वेळ आली तर तुलनेला तेच लागतील.