ऊसतोडीच्या हंगामात ग्रामसभा : मदत हवी आहे

बीड जिल्ह्यातलं आमचं गाव. दिवाळीनंतर निम्मं गाव ऊसतोडीला. त्यामुळं २६ जानेवारीची ग्रामसभा गणपूर्तीअभावी (किमान हजेरी : १५ टक्के किंवा १०० मतदार, यांत कमी ते) तहकूब होते. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. मग पारावरची दहा-बारा डोकी घरकुलाच्या यादीपासून गावच्या विकास आराखड्यापर्यंत सगळं मंजूर करून मोकळी! ज्यांची नावं यादीत हवीत ते कारखान्यावर कोपीत (झोपडीत).

दवंडी दिली, व्हॉट्सअ‍ॅपवर नोटीस फिरवली, फरक शून्य. 'बोलावून घ्या' म्हणू नका, मुकादमाची (टोळीच्या ठेकेदाराची) उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेला माणूस मधेच येत नसतो.

गाव सोडण्याआधीच मागण्या सह्यांनिशी लेखी दिल्या, तर त्या विषयपत्रिकेवर घेऊन इतिवृत्तात नोंदवायला ग्रामसेवकाला (आता ग्रामपंचायत अधिकारी) भाग पाडता येतं का? कुणी केलंय का असं? आणि अर्ज सरपंचांच्या नावे द्यायचा की थेट गटविकास अधिकाऱ्यांकडे?