मदत हवी आहे: उच्च-ओलेइक भुईमूग, एफ-२ (संकराची दुसरी पिढी) मधले 'अधलेमधले' दाणे ठेवू की काढू?

नमस्कार मंडळी,

भुईमुगाच्या संकरात निवडीच्या टप्प्यावर अडकलोय. मादी वाण भरघोस शेंगा देणारा पण साध्या तेलाचा, नर वाण उच्च-ओलेइक. हा गुण फ्लोरिडात सापडल्याचं १९८७ मध्ये नोंदवलं गेलं: तेलातल्या मेदाम्लांपैकी ओलेइक आम्ल ८० टक्के, लिनोलेइक जेमतेम २. असं तेल लवकर खवट होत नाही आणि टिकवायला हायड्रोजनेशन (तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया) करावं लागत नाही, म्हणजे ट्रान्स फॅटचाही प्रश्न मिटतो. एवढ्यासाठीच हा खटाटोप मनापासून चाललाय.

ओलेइकचं लिनोलेइक करणाऱ्या एन्झाइमची जनुकं दोन. दोन्ही निकामी असली तरच आकडा ८० ला पोचतो, म्हणजे एफ-२ मध्ये १६ दाण्यांत १.

१६० दाण्यांचे निकाल हातात आहेत. दाण्याचं अंकुर नसलेलं टोक ब्लेडने छाटायचं, ती चकती गॅस क्रोमॅटोग्राफीला (तेलातली आम्लं वेगळी करून मोजणारी चाचणी) द्यायची, आणि उरलेला दाणा बुरशीनाशक लावून पेरणीसाठी ठेवायचा. हात जरा जड पडला की दोन्ही दलं सुटतात आणि दाणा गेलाच. सुरुवातीचे वीसेक असेच गेले.

उच्च-ओलेइक मिळायला हवे होते १०, मिळाले ४. काय-वर्ग (हा फरक निव्वळ योगायोग असू शकतो का, ते पाहणारी चाचणी) ३.८४, अगदी सीमारेषेवर! शिवाय तीसेक दाणे ६० ते ७० टक्क्यांत अडकलेत. माझा अंदाज, यातल्या बऱ्याच दाण्यांत एक जनुक पूर्ण निकामी आणि दुसरं अर्धं (दोन प्रतींपैकी एकच निकामी). तसं असेल तर पुढच्या पिढीत त्यांच्या दर ४ दाण्यांत १ उच्च-ओलेइक निघेल, मग ते टाकणं म्हणजे हातचं सोडणं.

पण दुसरी शंका जास्त छळतेय. कोवळ्या दाण्यात ओलेइक कमी भरतं. टरफलाची आतली बाजू काळपट झाली की शेंग पक्की, हे मला ठाऊक होतं, तरी फोडताना टरफलं वेगळी ठेवली नाहीत. चूक माझीच. त्यामुळे खरे उच्च-ओलेइक पण कोवळे दाणेही या गटात असू शकतात.

ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा: या तीसही दाण्यांची रोपं वाढवून प्रत्येक झाडाचे किती दाणे तपासावेत? की आधी पानांवरून डीएनए मार्कर (जनुक निकामी आहे का ते दाखवणारी चाचणी) लावून घेऊ? आणि टोकाच्या चकतीचा आकडा अख्ख्या दाण्याशी जुळतो का? पेरणी तोंडावर आलीय.