दुर्गम ट्रेकसाठी फर्स्ट एडचा कुठला कोर्स करावा?

गडवेडा: आमचा ग्रुप पावसाळ्यात हरिश्चंद्रगड, रतनगड वगैरे नेतो, बँडेज-डेटॉलच्या पुढचं शिकायचंय, काय करू?

सह्यमित्र: लीड करत असाल तर डब्ल्यूएफआर (वाइल्डरनेस फर्स्ट रिस्पाँडर, दुर्गम भागातल्या प्रथमोपचारांचा मोठा कोर्स) करा, ७०-८० तासांचा असतो, मसुरीच्या हॅनिफल सेंटरला होतो, बाकीच्यांनी दोन दिवसांचा डब्ल्यूएफए (वाइल्डरनेस फर्स्ट एड) तरी कराच. पाय मोडला तर कॅरीमॅट गुंडाळून स्प्लिंट (पाय हलू नये म्हणून आधार) कसा बांधायचा, मग बोटं गार पडतायत का ते परत परत बघायचं, हे हाताने केल्याशिवाय येत नाही हो.

रानवाट: आणि घोणस चावली तर आवळून बांधू नका, चिरा तर अजिबात नको, पाय हलू न देता उचलून खाली आणा, अँटिव्हेनम (सापाच्या विषावरचं औषध) हॉस्पिटलातच मिळतं. १०८ ला फोन लागेल अशी जागा चढतानाच हेरून ठेवा.

गडवेडा: मसुरीच्या तारखा कळल्या तर टाका प्लीज.