‘मंत्रचळ’ हा शब्द लहान मुलासाठी वापरावा का?

प्रश्न : माझा नऊ वर्षांचा भाचा गृहपाठातले एकच अक्षर खोडरबराने इतक्या वेळा पुसतो की वहीच्या पानाला भोक पडते, आणि रात्री दाराची कडी मोजून आठ वेळा हलवल्याशिवाय त्याला झोप येत नाही. नाशिकमधल्या मानसोपचारतज्ज्ञांनी ओसीडीचे (ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर : नको असलेला विचार सतत मनात येणे आणि त्यापायी तीच कृती पुन्हा पुन्हा करावी लागणे) निदान केले आहे. पंचवटीतल्या आमच्या वाड्यातील वडीलधारी मंडळी मात्र याला कधी ‘सोवळं’ म्हणतात, कधी ‘चाळा’. एका लेखात ‘मंत्रचळ’ असे वाचले. योग्य शब्द कोणता?

उत्तर : मराठीत रुळलेला शब्द ‘मंत्रचळ’ हाच. ‘चळ’ म्हणजे ढळणे. मंत्र जपताना चूक झाली की बुद्धी चळते, ही जुनी समजूत त्यामागे आहे. समजूत टाकून दिली तरी आवर्तने मोजण्याची सक्ती हा शब्द नेमकी पकडतो. ‘चाळा’ येथे बसत नाही, कारण चाळ्यात हात आपोआप चालतो, तर येथे आधी भीती असते : कडी हलवली नाही तर आईला काहीतरी होईल. कृतीने ती भीती घटकाभर शमते आणि म्हणूनच पुन्हा तीच कृती करावीशी वाटते. सोवळ्याचे तर अगदी उलट आहे. तो नियम साऱ्या घराचा असतो. गंगेवर (आपण नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो) स्नान केले, मुकटा नेसला, की विषय संपला. ओसीडीत तो संपतच नाही.

दुसरे उत्तर : व्युत्पत्ती मान्य, वापर अमान्य. ‘म्हातारचळ’ जसा हिणवण्यासाठी वापरतात, तसाच ‘मंत्रचळ’ही वापरला जातो, आणि वर्गातल्या मुलांच्या तोंडी तो गेला तर चिकटून बसेल. त्यापेक्षा ‘ओसीडी’ बरा. यातल्या ‘ऑब्सेशन’च्या मुळाशी असलेल्या लॅटिन क्रियापदात वेढा घालण्याचा अर्थ आहे, त्यामुळे ‘विचारांचा वेढा’ मला चपखल वाटतो. मात्र सर्वांत घातक शब्द ‘हट्टी’ हा आहे. आपली कृती अनाठायी आहे हे मोठ्यांना बहुधा कळते. लहान मुलाला ते कळेलच असे नाही, मनातली भीती सांगताही येत नाही, आणि आपण त्याला हट्ट समजून रागावतो.

प्रश्नकर्ती : आभारी आहे. ‘दार नक्की लावलंय ना?’ या त्याच्या प्रश्नाला दर वेळी खात्रीचे उत्तर देऊ नका, असे उपचारात आम्हाला शिकवले. ते फार जड जाते. त्या विचाराला भाच्याने स्वतःच ‘कटकट्या’ हे नाव ठेवले आहे, बडबड्या, खटपट्या यांच्या वळणावर. काल तीनदाच कडी हलवून अंथरुणात शिरताना म्हणाला, “कटकट्या ओरडतोय, ओरडू दे.”